प्रशांत महासागराच्या काठावरची गुरुद्वारे आणि गदर चळवळ

शमीपत्र (धागाकर्ता)

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात सात क्रांतिकारकांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी सहा जण पंजाबातील शीख होते आणि त्यांत अवघ्या एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा होते. सातवे होते विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे गावचे. पिंगळ्यांचे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते, परंतु ज्यांच्याबरोबर ते फासावर गेले ती माणसे कोण होती, ती अमेरिका-कॅनडात कशी पोचली आणि तिथे त्यांनी काय उभे केले, याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. परदेशातील भारतीयांनी ब्रिटिश राज्याविरुद्ध सशस्त्र उठावासाठी उभारलेल्या गदर चळवळीचा इतिहास आपण बहुधा सॅन फ्रान्सिस्कोतील छापखान्यापासून सांगायला लागतो. माझे म्हणणे असे आहे की त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत हाँगकाँगपासून कॅलिफोर्नियापर्यंत गुरुद्वारांची जी साखळी तयार झाली होती, तिच्याकडे पाहिल्याशिवाय ही चळवळ गिरणी कामगारांत आणि शेतमजुरांत इतक्या लवकर कशी रुजली, याचा उलगडा होत नाही.

या साखळीची सुरुवात ब्रिटिशांच्याच नोकरीत झाली. हाँगकाँगच्या पलटणीत आणि पोलिसांत शिखांची मोठी भरती होती. त्या शिपायांनी १९०१ मध्ये वान चाय भागात गुरुद्वारा बांधला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतही शीख पोलीस होते आणि तिथला दोंगबाओशिंग मार्गावरचा गुरुद्वारा १९०८ चा आहे. नोकरीच्या शोधात पूर्वेकडे निघालेला जालंधर-होशियारपूरचा तरुण कलकत्त्याहून जहाजाने हाँगकाँगला उतरला की थेट गुरुद्वारात जाई. तिथे त्याला लंगरात जेवण मिळे, पथारी टाकायला जागा मिळे आणि पुढच्या मुलखाची खबर मिळे. कॅनडातील लाकूड गिरण्यांत मजुरी चांगली मिळते ही बातमी पंजाबच्या खेड्यांत पसरण्यात अशा ठिकाणांचा मोठा वाटा होता. १९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार भारतीय ब्रिटिश कोलंबियात पोचले. त्यांत बहुसंख्य शीख होते आणि अनेक जण निवृत्त सैनिक होते.

व्हँकुव्हरमध्ये १९०६ साली खालसा दिवाण सोसायटी स्थापन झाली आणि १९ जानेवारी १९०८ रोजी वेस्ट सेकंड अव्हेन्यूवरचा गुरुद्वारा उघडला. इतकी घाई का होती, हे त्या दोन वर्षांतील घटना पाहिल्या की लक्षात येते. १९०७ साली ब्रिटिश कोलंबियाने भारतीयांचा मताधिकार काढून घेतला, आणि मतदार यादीत नाव नाही म्हणून वकिली आणि औषधविक्रीसारखे व्यवसायही त्यांना बंद झाले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला सीमेपलीकडच्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने भारतीय गिरणी कामगारांना त्यांच्या झोपड्यांतून मारहाण करत हुसकून लावले. तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर हल्ले झाले. पुढच्या हिवाळ्यात कामे थांबली आणि शेकडो माणसे बेकार झाली. मृतांचे दहन करायलाही शहरात विरोध होता. बेकारांना खाऊ घालणे, आजाऱ्यांची सोय पाहणे, अंत्यसंस्कारासाठी जागा मिळवणे, वकील लावणे, सरकारकडे अर्ज करणे ही सगळी कामे गुरुद्वाराच्या गोलकीत (दानपेटीत) जमलेल्या पैशावर होऊ लागली. रविवारचा दिवाण (प्रार्थनासभा) आटोपला की त्याच सभागृहात पुढच्या लढ्याचा विचार होई.

त्या विचाराची धार कशी वाढत गेली ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १९०८ मध्ये कॅनडा सरकारने नियम केला की मायदेशाहून थेट, न थांबता आणि एकाच तिकिटावर आलेल्यालाच उतरू दिले जाईल, आणि आशियाई माणसाजवळ दोनशे डॉलर असले पाहिजेत. कलकत्त्याहून तसा प्रवास घडवू शकणाऱ्या जहाज कंपनीला सरकारनेच तिकिटे विकण्यास मनाई केली होती. नियमात भारताचे नावही नव्हते, आणि तरीही तो मुख्यतः भारतीयांना अडवण्यासाठी होता. त्याच वर्षी कॅनडातल्या भारतीयांना उचलून ब्रिटिश होंडुरासमध्ये नेऊन बसवण्याची योजना सरकारने पुढे केली. समाजाचे दोन प्रतिनिधी तिकडे पाहणीसाठी पाठवण्यात आले. त्यांनी परत येऊन तिथल्या हवापाण्याविषयी आणि मजुरांच्या हलाखीविषयी सांगितले, तेव्हा संत तेजासिंग यांच्या मार्गदर्शनाखाली गुरुद्वारात भरलेल्या सभेने ती योजना साफ नाकारली. १९०९ मध्ये तर सोसायटीच्या कार्यकारिणीने ठराव केला की ब्रिटिश सैन्याची पदके, गणवेश किंवा चिन्हे कोणीही अंगावर घालू नयेत. ज्या माणसांनी ब्रह्मदेशात आणि चीनमध्ये त्या सरकारसाठी गोळ्या झेलल्या होत्या, त्यांनी ती पदके उतरवली. माझ्या मते गदर चळवळीचा पहिला दिवस शोधायचाच असेल, तर तो येथे शोधावा.

कोमागाटा मारूची हकीकत अनेकांना ठाऊक असेल, म्हणून तिचा गुरुद्वारांशी असलेला संबंध तेवढा सांगतो. सिंगापूर-मलाया भागात ठेकेदारी केलेले बाबा गुरदितसिंग १९१४ च्या जानेवारीत हाँगकाँगच्या गुरुद्वारात गेले, तेव्हा कॅनडाला जाण्याच्या आशेने महिनोन्‌महिने अडकून पडलेली माणसे त्यांनी तिथे पाहिली आणि जहाज भाड्याने घेण्याचे ठरवले. कोळसा वाहणारे ते जपानी जहाज ४ एप्रिलला हाँगकाँगहून निघाले, शांघाय, मोजी आणि योकोहामा येथे प्रवासी घेत २३ मे रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात आले. ३७६ प्रवाशांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू होते. जहाजावर गुरु ग्रंथ साहिबांचा प्रकाश केलेला होता आणि नित्यपाठ चालत असे. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या वीस-बावीस जणांखेरीज कोणालाही उतरू दिले गेले नाही. दोन महिने ते जहाज किनाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे होते, आणि त्या दोन महिन्यांत जहाजाच्या भाड्याचा उरलेला हप्ता, एडवर्ड बर्ड या वकिलाचे शुल्क आणि अन्नपाणी यांचा भार किनाऱ्यावरच्या समितीने उचलला. समितीत हुसेन रहीम यांच्यासारखे बिगरशीख कार्यकर्तेही आघाडीवर होते, पैसा मात्र मुख्यतः गिरण्यांत काम करणाऱ्या शिखांच्या मजुरीतून आला. ६ जुलैला अपील न्यायालयाने प्रवाशांविरुद्ध निकाल दिला आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवले गेले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलीस आणि लष्कराच्या गोळीबारात किमान वीस प्रवासी मारले गेले.

इकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या स्टॉकटन गावाजवळ शेती करणारे भाई ज्वालासिंग आणि भाई वसाखासिंग यांनी पुढाकार घेऊन १९१२ मध्ये पॅसिफिक कोस्ट खालसा दिवाण सोसायटी स्थापन केली आणि अमेरिकेतील पहिला गुरुद्वारा तिथे उभा राहिला. ज्वालासिंग यांनी बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी गुरु गोबिंदसिंग यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याने परदेशात, स्वतःच्या कमाईतून, धर्म किंवा प्रांत न पाहता शिष्यवृत्ती द्यावी, ही गोष्ट मला त्या काळातील कोणत्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. १९१३ मध्ये सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ सरचिटणीस अशी संघटना उभी राहिली, १ नोव्हेंबर १९१३ रोजी तिच्या 'गदर' या पत्राचा पहिला उर्दू अंक निघाला आणि लवकरच गुरुमुखी आवृत्ती सुरू झाली. ते अंक गिरणीपर्यंत आणि शेतावरच्या खोपटापर्यंत कसे पोचले, तर याच माणसांच्या हातांनी, याच वाटांनी.

ज्यांना कॅनडा, कॅलिफोर्निया किंवा नांदेडकडच्या परंपरेची माहिती आहे त्यांनी अवश्य भर घालावी.

भीमथडी

पिंगळ्यांविषयी थोडी भर घालतो. त्यांचा जन्म १८८८ चा. ते १९११ मध्ये अमेरिकेला गेले आणि सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. सिएटल हे लाकूड गिरण्यांच्या पट्ट्यातच येते, त्यामुळे पंजाबी कामगारांशी त्यांचा संबंध तिथेच आला असणार. महायुद्ध सुरू झाल्यावर गदर पक्षाने सभासदांना मायदेशी परतण्याची हाक दिली, तेव्हा पिंगळे आणि सराभा 'सलामिस' या जहाजाने १९१४ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरले. पुढे बनारसला रासबिहारी बोस यांच्याशी संधान बांधून पंजाबातील गदर मंडळी आणि बंगालमधील क्रांतिकारक यांना जोडण्याचे अवघड काम पिंगळ्यांनी केले. मराठी माणसाचे या चळवळीतील खरे स्थान हेच आहे, असे मला वाटते: पंजाबीही नव्हे आणि बंगालीही नव्हे, म्हणून दोन्हीकडे विश्वासाने वावरू शकणारा हा दुवा होता.

उठावासाठी २१ फेब्रुवारी १९१५ ही तारीख ठरली होती. फितुरीची शंका येताच ती दोन दिवस अलीकडे आणली गेली, परंतु कृपालसिंग या खबऱ्याने तीही पोलिसांना कळवली. सराभा थोड्याच दिवसांत पकडले गेले. पिंगळे मात्र खचले नाहीत. मार्चमध्ये ते पुन्हा मेरठच्या छावणीत फौजेला उठवण्यासाठी गेले आणि २३ मार्चला घोडदळाच्या बराकीत बाँबसह सापडले. लाहोरच्या विशेष न्यायालयाने १९१५ च्या सप्टेंबरमध्ये चोवीस जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी त्यांतल्या सतरा जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि सात जणांची कायम ठेवली.

याच किनाऱ्यावर आणखी एक मराठी नाव आहे, वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. ते ऑरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकले, गदरच्या प्रारंभीच्या उभारणीत होते आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात मक्यावर त्यांनी मोठे संशोधन केले. त्यांचे निधन १९६७ मध्ये नागपूरला झाले.

तर्कतीर

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मध्यवर्ती विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. गदर पक्षाने धर्म ही प्रत्येकाची खाजगी बाब मानली होती आणि पक्षाच्या बैठकांत धार्मिक चर्चा करू नये असा त्यांचा नियम होता. हरदयाळ, बरकतुल्ला, काशीराम, पिंगळे, खानखोजे ही सर्व मंडळी त्या नियमामुळेच एकत्र राहू शकली. पक्षाची पहिली बैठकही ऑरेगॉनमधील ॲस्टोरियाच्या गिरणी कामगारांत झाली, गुरुद्वारात नव्हे. तुम्ही या सर्व गोष्टींचे श्रेय गुरुद्वाराला दिलेत, तर एका निधर्मी चळवळीला आपण नकळत धार्मिक रंग देतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. त्याच काळात अमृतसरमधील प्रतिष्ठित शीख नेतृत्व कोणत्या बाजूला होते? १९०२ मध्ये स्थापन झालेले चीफ खालसा दिवाण उघडपणे सरकारनिष्ठ होते. सुवर्णमंदिराचा कारभार सरकारने नेमलेल्या सरबराहाच्या (व्यवस्थापकाच्या) हाती होता आणि तिथून गदरवाल्यांना शीख मानू नये असे सांगितले जात होते. जालियनवाला बागेनंतर याच व्यवस्थापनाने डायरचा सन्मान केला. तेव्हा गुरुद्वारा ही संस्था स्वभावतःच बंडखोर होती असे म्हणता येणार नाही.

शमीपत्र

तर्कतीर, तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे आणि माझे म्हणणे त्यानेच अधिक स्पष्ट होते. अमृतसरचा सरबराह सरकारने नेमलेला होता, तर व्हँकुव्हर आणि स्टॉकटनच्या समित्या संगतीने, म्हणजे तिथे जमणाऱ्या भाविकांनी, निवडलेल्या होत्या. जमिनीची उत्पन्ने नाहीत, वंशपरंपरागत महंत नाहीत, सरकारी नेमणूक नाही. जो गिरणीत राबतो तोच गोलकीत टाकतो आणि तोच हिशेब विचारतो, अशी ही गुरुद्वारे होती. परदेशात गेल्यामुळे शिखांना आपली संस्था पुन्हा एकदा तळापासून, संगत आणि पंगत या दोनच गोष्टींवर उभारावी लागली. पुढे पंजाबातच नेमकी हीच मागणी उभी राहिली. १९२० च्या नोव्हेंबरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली, महंतांच्या ताब्यातील गुरुद्वारे संगतीच्या हाती आणण्यासाठी अकाली जथ्यांनी मार खाल्ला, प्राण दिले, आणि १९२५ च्या कायद्याने निवडून दिलेल्या कमिटीकडे कारभार आला. परतलेले कित्येक गदर कार्यकर्ते त्या लढ्यात होते. बजबजनंतर सात वर्षे भूमिगत राहिलेले बाबा गुरदितसिंग १९२१ मध्ये स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले तेही ननकाना साहिब येथे, गुरु नानकांच्या जयंतीच्या मेळाव्यात.

पहिल्या मुद्द्याबाबत एवढेच म्हणेन की बैठकीत धर्माची चर्चा नसणे आणि चळवळीला गुरुद्वाराचा आधार असणे यांत विरोध नाही. लंगरात कोणालाही धर्म विचारत नाहीत. हुसेन रहीम व्हँकुव्हरच्या संगतीत वावरू शकले आणि हरदयाळ स्टॉकटनच्या शेतकऱ्यांच्या पैशावर छापखाना चालवू शकले, कारण संस्थेची चौकटच तशी खुली होती. खुद्द सोहनसिंग भकना आणि ज्वालासिंग हे श्रद्धावान शीख होते आणि तरीही निधर्मी पक्षाचे आधारस्तंभ होते.

या सगळ्याची किंमतही गुरुद्वारानेच मोजली. १९१४ च्या ५ सप्टेंबरला व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात प्रार्थना चालू असताना, हॉपकिन्सन या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा खबऱ्या असलेल्या बेलासिंगने गोळ्या झाडल्या आणि सोसायटीचे अध्यक्ष भाई भागसिंग आणि भाई बतनसिंग मृत्युमुखी पडले. बेलासिंगच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी हॉपकिन्सन २१ ऑक्टोबरला न्यायालयात आला, तेव्हा भाई मेवासिंग यांनी त्याला गोळ्या घातल्या आणि गुन्हा तिथल्या तिथे कबूल केला. बेलासिंग सुटला. मेवासिंग यांना ११ जानेवारी १९१५ रोजी न्यू वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगात फाशी झाली आणि तेथील संगत दर वर्षी हा दिवस पाळते. गुरुद्वाराचे पहिले ग्रंथी (ग्रंथ साहिबाचे पठण करणारे) भाई बलवंतसिंग यांनाही पुढे १९१७ मध्ये लाहोरला फासावर चढवण्यात आले. अध्यक्ष, ग्रंथी आणि साधा सेवादार अशा तिघांचे बळी एकाच लहानशा संस्थेतून गेले.

फ्रेझरकाठ

मी ब्रिटिश कोलंबियात राहतो आणि ॲबटसफर्डच्या जुन्या गुरुद्वारात माझे जाणे-येणे असते. व्हँकुव्हरची १९०८ ची वास्तू आता उरलेली नाही. १९७० मध्ये तो गुरुद्वारा रॉस स्ट्रीटवर आर्थर एरिक्सन या वास्तुविशारदाने आखलेल्या इमारतीत गेला. ॲबटसफर्डची १९११ ची इमारत मात्र उभी आहे. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या गुरुद्वारांत ती सर्वांत जुनी आहे आणि २००२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

ही इमारत पाहिल्यावर पहिल्यांदा जाणवते ते असे की तिला घुमट नाही, छत्री नाही, संगमरवर नाही. समोरून ती त्या काळच्या सीमावर्ती गावातील एखाद्या दुकानासारखी दिसते: उतरत्या छपराला झाकणारी उंच, चौकोनी लाकडी दर्शनी भिंत, आडव्या पांढऱ्या फळ्या आणि पुढे निशाण साहिबाचा उंच खांब. खालच्या मजल्यावर स्वयंपाक आणि पंगत, वरच्या मजल्यावर दरबार. वर गेल्यावर दिसते की सभागृह फार मोठे नाही. डोके झाकून, मत्था टेकून भिंतीशी बसले की पायाखालची फळी कुणी चालले तरी हलकेच कुरकुरते. ज्या गिरणीत ही माणसे कामाला होती तिच्या मालकाने लाकूड दिले आणि दिवसाची पाळी संपल्यावर ते लाकूड त्यांनी खांद्यावर घेऊन चढण चढून वर आणले, असे येथील प्रत्येक शीख कुटुंबात सांगितले जाते. खालच्या मजल्यावर २०११ पासून संग्रहालय आहे. समोरच रस्त्यापलीकडे आताचा मोठा गुरुद्वारा आहे आणि रोजचा लंगर तिथे चालतो.

व्हँकुव्हर बेटावरच्या पाल्डी गावाचाही उल्लेख व्हायला हवा. मायोसिंग यांनी तिथे लाकूड गिरणी काढून गाव वसवले, १९१९ मध्ये गुरुद्वारा बांधला आणि त्या गावात जपानी, चिनी आणि युरोपीय कामगार शिखांच्या शेजारी राहत होते. गावाला नाव दिले ते होशियारपूर जिल्ह्यातल्या स्वतःच्या गावाचे.

गोदाकाठ

मी नांदेडचा. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या आसपास वाढल्यामुळे या चर्चेतील कारभाराचा मुद्दा मला जवळचा वाटतो. आमच्याकडचा गुरुद्वारा अमृतसरच्या कमिटीच्या अखत्यारीत येत नाही. त्याचा कारभार हैदराबाद राज्याच्या काळात झालेल्या १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो, आणि पूजेच्या काही परंपराही पंजाबपेक्षा वेगळ्या आहेत. त्यामुळे एका धर्माच्या संस्था वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या नियमांनी चालतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे.

माझा प्रश्न असा आहे की ज्या संस्था संगतीने स्वतः उभारल्या, त्यांना पुढे पंजाबातील धार्मिक अधिकाराशी जुळवून घेणे कितपत जमले? कॅनडात खुर्च्या-टेबलांवर लंगर देण्यावरून वाद झाल्याचे ऐकले होते. आमच्याकडे पंगत म्हणजे जमिनीवर शेजारी शेजारी बसणे. राजा असो की रंक, तिथे आसन एकच.

फ्रेझरकाठ

गोदाकाठ, तो वाद खरा आहे आणि येथील लोकांच्या मनात तो अजून हळवा आहे. जुन्या पिढीने येथील थंडी, गिरणीतून थेट आलेल्यांचे कपडे आणि म्हातारी माणसे यांचा विचार करून लंगरात टेबल-खुर्च्या आणल्या होत्या. १९९८ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या अकाल तख्ताने (शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने) हुकूमनामा काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा. त्यावरून काही गुरुद्वारांत समित्या दुभंगल्या आणि प्रकरण मारामारी आणि न्यायालयापर्यंत गेले. वरवर पाहता वाद बसण्याचा होता; आत प्रश्न हा होता की शंभर वर्षांपूर्वी येऊन केस कापून राहिलेल्या आणि नंतर आलेल्या अमृतधारी (खालसा दीक्षा घेतलेल्या) कुटुंबांनी एका संस्थेत कसे नांदायचे आणि निवडणुकीत कोणी मत द्यायचे. हा प्रश्न १९५२ मध्येही उठला होता, तेव्हा खालसा दिवाण सोसायटीतून बाहेर पडून काही मंडळींनी अकाली सिंग सोसायटी काढली. माझे स्वतःचे मत सांगायचे तर समता जमिनीवर अधिक सहज दिसते हे खरे आहे, पण ज्या वृद्धाला गुडघे वाकवता येत नाहीत त्याला खुर्ची दिल्याने पंगत मोडत नाही. आता पुष्कळ ठिकाणी दोन्ही सोयी आहेत.

केवडा

संपूर्ण चर्चेत स्त्रिया कुठेच दिसत नाहीत. त्या तिथे नव्हत्या की लिहिणाऱ्यांनी त्यांना वगळले?

शमीपत्र

केवडा, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतांशी त्या तिथे नव्हत्या, कारण त्यांना येऊ दिले जात नव्हते. त्या पहिल्या काळात कॅनडात आलेल्या भारतीय स्त्रियांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भाई भागसिंग आणि भाई बलवंतसिंग १९११-१२ मध्ये भारतातून आपल्या कुटुंबांना घेऊन परतले, तेव्हा सरकारने पुरुषांना उतरू दिले आणि त्यांच्या बायका-मुलांना अडवले. खटला चालला आणि शेवटी 'मेहेरबानी' म्हणून, पायंडा पडणार नाही अशा शब्दांत परवानगी दिली गेली. कुटुंब आणण्याचा हक्क हा गुरुद्वारातील सभांचा सततचा विषय होता. अखेर १९१९ मध्ये पत्नी आणि लहान मुले आणण्याची मुभा मिळाली, तरी प्रत्यक्षात येणे पुढेही अवघडच राहिले.

कॅलिफोर्नियात वेगळे घडले. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतातून येणेच बंद केले, १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वासाठी 'गोरा' ठरत नाही असा निकाल दिला. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केली होती. अशा परिस्थितीत इम्पीरियल खोऱ्यातील अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्ने केली. त्या घरांत मुले आईच्या चर्चमध्ये वाढली, त्यांची नावे एकीकडची आणि आडनावे दुसरीकडची राहिली, आणि वडील सणासुदीला लांबचा प्रवास करून स्टॉकटनला जात. त्या स्त्रियांनी रोटी आणि भाजी शिकून घेतली, शेतीचे हिशेब सांभाळले, पण गुरुद्वाराच्या कागदपत्रांत त्यांचा माग फार कमी लागतो. तुम्ही म्हणता ते वगळणे मला इथे खरोखर दिसते.

भीमथडी

कॅनडातील मताधिकार परत कधी मिळाला आणि त्यात या सोसायटीचा वाटा किती होता, हे कोणी सांगू शकेल का?

शमीपत्र

१९४७ मध्ये मिळाला, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी. त्यामागे खालसा दिवाण सोसायटीने नेमलेले डॉ. डी. पी. पांडिया होते. हे वकील तमिळ होते, शीख नव्हते. १९३९ च्या सुमारास बेकायदा आलेल्या दोनशेहून अधिक भारतीयांवर हद्दपारीची तलवार टांगती होती. पांडिया यांनी सरकारशी बोलणी करून त्यांना राहण्याची मुभा मिळवून दिली आणि नंतर मताधिकाराचा प्रश्न हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा सरकार भारतीयांना सैन्यभरतीसाठी बोलावू लागले, तेव्हा सोसायटीची भूमिका स्पष्ट होती: मत नाही तर सक्तीची भरतीही नाही. शिष्टमंडळे व्हिक्टोरियाला आणि ऑटावाला गेली आणि त्यांचा प्रवासखर्च संगतीने दिला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५० मध्ये, नरंजनसिंग ग्रेवाल ब्रिटिश कोलंबियातील मिशन गावच्या मंडळावर निवडून आले. अमेरिकेत नागरिकत्वाची वाट १९४६ च्या कायद्याने उघडली, आणि १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. १९२० मध्ये बर्कलीला शिकायला आलेले सौंद पहिल्यांदा राहिले ते स्टॉकटनच्या गुरुद्वाराने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात. कोमागाटा मारूबद्दल कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. आठ वर्षे आधी दुसऱ्या पंतप्रधानांनी सरी शहरातील एका बागेत भरलेल्या मेळाव्यात ती मागितली होती, परंतु ज्या सभागृहाच्या कायद्यांनी जहाज परत गेले त्याच सभागृहात ती नोंदली जावी, असा तिथल्या संगतीचा आग्रह होता आणि तो त्यांनी सोडला नाही.